जयदेव शेट्ये मुंबई दाखवतो

देवरुखच्या आसपासच्या तीन-चार गावांत एके काळी एक गोष्ट ठरून गेली होती: मुंबई बघायची तर जयदेव शेट्येच्या हातून. नवं लग्न झालेली जोडपी, दहावीतून सुटलेली पोरं, मोतीबिंदू काढायला निघालेले म्हातारे, सगळे आधी त्याच्या दारात उतरायचे. ते दार मुंबईत नव्हतंच. ते होतं उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, एका सिंधी मालकाच्या बराकीतल्या दोन खोल्यांना. पण कोकणातून बघणाऱ्याला पनवेलच्या पुढचं सगळं मुंबईच. शेजारच्या गाळ्यात जीन्सच्या पँटी शिवणाऱ्या यंत्रांचा खडखडाट ऐकत पाहुणे चहा प्यायचे आणि "मुंबई म्हणजे ही अशी होय!" म्हणायचे. तुमचं चुकतंय, असं जयदेवने कधी कुणाला सांगितलं नाही.

रविवार उजाडला की कार्यक्रम सुरू. त्याची बायको उमा अंधारात उठून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करून द्यायची. बोरीबंदरला बाहेर पडल्या पडल्या तो हुकूम सोडायचा, "मान वर! खाली बघून काय दिसणार? चपला. त्या देवरुखलाही आहेत."

मग एकेक. गेटवेला आधी पाणी बघायचं, मग दगड. पाणी आधीपासून आहे, दगड नंतर आले. म्युझियमला तासभर, त्याहून जास्त बघणाऱ्याच्या काहीच लक्षात राहत नाही. तिथून बस, मलबार हिल, म्हातारीचा बूट. उतरून मत्स्यालय. उन्हं कलली की चौपाटीवर भेळ. तिथे तो बायकांना पाण्यात पाय बुडवायला लावायचा आणि स्वतः सगळ्यांच्या चपला राखत उभा राहायचा. हातोटी होती त्याला, नाही म्हणता येणार नाही. सकाळी पदराला पदर बांधून चालणारी बाई संध्याकाळी हात दाखवून बस थांबवायची, ही त्याची करामत. आणि वर्णन असं करायचा की घरी परतलेल्यांना आपण पाहिलं किती आणि त्याच्याकडून ऐकलं किती, हे वेगळं काढता येत नसे.

या सगळ्यात एक मुक्काम असा होता की तो कुठल्याही माहितीपत्रकात सापडला नसता. फोर्टातल्या एका आडव्या रस्त्यावर काळ्या दगडाची चार मजली इमारत होती. कमानीचं दार, आत लोखंडी जाळीची लिफ्ट. तिच्यासमोर थांबून जयदेव जरा सहजच सांगितल्यासारखा म्हणायचा, "आणि हे आपलं हापिस. आज रविवार, बंद आहे."

पाहुणे माना वर करायचे. कुणीतरी "बाबौ!" म्हणायचं. मग तो सगळ्यांना पुढे काढायचा.

जयदेवचं ऑफिस तिथे नव्हतं. जयदेवला ऑफिसच नव्हतं. तो अंबरनाथजवळ मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात चार्जहँड होता. कापड रंगवायचे रंग तिथे तयार होत, आणि लाल रंगाची शेड त्याच्या ताब्यात होती. टिपकागदावर थेंब टाकायचा, तो पसरताना बघायचा आणि माल झाला की नाही ते सांगायचं. काम जबाबदारीचं होतं. फक्त ते अंगावरून उतरत नसे. कितीही घासून आंघोळ केली तरी रात्री घामातून लाली झिरपायची. उमाने पांढरे अभ्रे कधीच सोडून दिले होते.

मग ते फोर्टाचं काय? तेही अगदीच हवेतलं नव्हतं. एकोणऐंशी साली त्या काळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्याला तीन महिन्यांची बदली कारकुनी मिळाली होती. त्याने घरी कळवलं, आणि आक्काने गावात पेढे वाटले.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण वेणू. लग्नानंतर वर्षात नवरा गेला, सासरी कुणी ठेवून घेतली नाही, माहेरी परत आली तर आई अंथरुणात आणि जयदेव पाळण्यातून नुकता उतरलेला. तिने त्याला वाढवलं आणि बापाच्या पश्चात वाण्याचं दुकानही चालवलं. बोटांना गुळाचा चिकटा आणि नाकात मिरचीचा खकाणा, यात तिचं आयुष्य गेलं. तिचं म्हणणं एकच: "माझा जया टेबलावर बसेल. पंख्याखाली." तिला अंगावर घालायला डाग नव्हता, डोक्यात माळायला गजरा नव्हता. मिरवायला होता तो हा भाऊ.

तीन महिने संपले, कारकुनी संपली, मोरिवलीला लागला. गणपतीला गावी जाऊ तेव्हा सांगू, असं त्याने ठरवलं होतं. गणपतीला पंगत बसली आणि आक्का वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमचा जया फोर्टात बसतो. साहेब त्याला विचारल्याशिवाय सही करत नाही." हे दुसरं वाक्य तिनेच जोडलेलं होतं. जयदेवने हात पानाखाली घेतले. नखं लाल होती. शेजारच्या काकांनी विचारलंच, "नखांना काय रे?"

"शाई," तो म्हणाला. "लाल शाईचं काम असतं."

झालं. तिथे जे तोंड मिटलं ते मिटलं. खोटं बोलायला क्षण लागतो. ते परत घ्यायला मुहूर्त शोधत बसणारा माणूस आयुष्यभर पंचांगच चाळत राहतो. पुढच्या गणपतीला सांगू, मुलाची मुंज झाली की सांगू, असं करता करता नऊ वर्षं गेली. पाहुणे येत राहिले, रविवार होत राहिले, आणि त्या इमारतीपुढचं वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं की सांगताना जीभही अडेनाशी झाली.

उमा बदलापूरची, कात्रपच्या भातखाचरांच्या कडेला वाढलेली. तिच्या माहेरचे अर्धे पुरुष कारखान्यांतच कामाला. तिला यात लपवण्यासारखं काय आहे तेच कळत नसे.

"सांगून टाका ना एकदा आक्कांना."

"तिला वाईट वाटेल."

"त्यांना की तुम्हाला?"

"तिच्या सुखासाठी करतो मी हे, उमा."

"असू दे. पण मग त्या इमारतीसमोर छाती कोणाची फुगते? आक्का तर तिथे नसतात."

जयदेव शर्ट चढवून बाहेर निघून गेला.

इतकी वर्षं आक्का स्वतः कधी आली नाही. दुकान कोणावर टाकायचं? अठ्ठ्याऐंशीच्या नवरात्रात मात्र ती अचानक येऊन थडकली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दाराची चौकट चाचपत. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. एका डोळ्याने बाजूचं दिसेनासं झालं होतं, दुसराही त्याच वाटेवर होता.

चहा पिऊन होण्याआधीच तिने सांगून टाकलं, "हे बघ जया, मला तुझी ती राणीची बाग नको, मासे नकोत, म्हातारीचा बूट तर नकोच नको. सगळ्या गावाने ते इतकं सांगितलंय की डोळे मिटून फिरून येईन. दिसतंय तोवर मला एकच बघायचंय. तू बसतोस ती जागा. तुझी खुर्ची."

"रविवारी जाऊ," जयदेव म्हणाला.

"रविवारी बंद दार काय बघू? चालू असताना दाखव. परवा खंडेनवमी आहे ना? तुझ्या हापिसात पूजा असेलच. मी नारळ आणलाय." तिने पिशवीतून नारळ काढून पाटावर ठेवला. परसातल्या माडाचा होता; त्या माडाला जयदेव लहानपणी आंघोळीचं पाणी घालायचा. "हा तिथे फुटला पाहिजे. तेवढं झालं की मी मोकळी."

उमाने नवऱ्याकडे बघितलं. आता, असं त्या बघण्यात होतं. आता सांगा.

आणि सांगण्यासारखा याहून चांगला दिवस मिळाला नसता. खंडेनवमीला तो मोरिवलीचा कारखाना वर्षातून एकदाच घरच्या माणसांसाठी उघडा असे. यंत्रं धुऊन पुसून लख्ख करत, मोटारींनाही कुंकू लावत, दारावर झेंडूची तोरणं. बायकामुलं नवी लुगडी-फ्रॉक घालून येत आणि आपला माणूस कुठे उभा राहतो ते बघून जात. प्रत्येक शेडचा नारळ तिथल्या थोरल्या कामगाराने फोडायचा हा रिवाज. लाल शेडचे चिंतामणी आण्णा त्या वर्षी निवृत्त झाले होते. नारळ यंदा जयदेवच्या हातून फुटायचा होता. आठ दिवस शेडमध्ये तीच चर्चा चालू होती.

म्हणजे बघा. बहीण नारळ घेऊन दारात, कारखान्याचं दार उघडं, मान त्याचा. एवढं सगळं जुळून आलं, आणि या माणसाने काय केलं? त्या दिवसाची रजा टाकली आणि बहिणीला घेऊन फोर्टात गेला.

उमा डबा भरायला उठली नाही. "पुऱ्या नाहीत आज," तेवढं म्हणाली. "मी मुलांना घेऊन मोरिवलीला जाणार होते. आता मीही नाही जात. काय तोंडाने जाऊ?"

आक्का त्या दिवशी हिरवंगार इरकली लुगडं नेसली होती. गाडीत सगळ्यांना सांगत होती, "भावाच्या हापिसात चाललेय." बोरीबंदरला उतरल्यावर जयदेवने तिला मान वर करायला सांगितलं नाही. तिचा हात धरून भराभरा चालत राहिला. ती मध्येच विचारायची, "हे काय रे मोठं?" आणि तो, ज्याने शंभर माणसांना मुंबई वर्णन करून सांगितली होती, तो म्हणायचा, "काही नाही. पोस्ट."

इमारत आली. आक्का समोरच्या फुटपाथवर थांबली, पदर सारखा केला.

"चल आत."

"आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, आक्का."

"मी काय बाहेरची?"

"तसं नाही. साहेबांचा नियम आहे. कडक आहेत."

"अरे, पण तुला विचारल्याशिवाय सही करत नाहीत ना?" ती मस्करीत म्हणाली. जयदेव हसला. ते हसू त्याला पुढे पुष्कळ वर्षं आठवायचं होतं.

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा जरासा उतरला होता, पण नियम मोडून भावाला अडचणीत आणणारी ती नव्हती. "तुझी खिडकी तरी दाखव."

"तिसरा मजला. कोपऱ्यातली."

"ती हिरव्या पट्ट्यांची?"

"हो, तीच."

ती डोळे बारीक करून, मान तिरकी करून, दिसणाऱ्या डोळ्याच्या टप्प्यात ती खिडकी आणत राहिली. माणसं तिला वळसा घालून जात होती. मग भर रस्त्यात तिने पायातल्या वहाणा काढल्या आणि त्या खिडकीला हात जोडले.

जयदेवने तोंड फिरवलं.

"आता हा नारळ घेऊन जा," ती म्हणाली. "तुझ्या हाताने फोड. मी इथे थांबते."

तो नारळ घेऊन कमानीतून आत गेला. आत लिफ्टमन जाळीच्या दाराला झेंडूची माळ बांधत होता. राजापूरकडचा म्हातारा. जयदेवने विचारलं, "बाबा, हा नारळ तुमच्या लिफ्टपुढे फोडू का?" कोण कुठला माणूस, का विचारतोय, त्याने काही चौकशी केली नाही. "फोडा की! देवाला काय कुणाचाही चालतो," म्हणाला, आणि पायरी दाखवली. जयदेवने त्या पायरीवर, परक्याच्या लिफ्टपुढे, आपल्या परसातला नारळ फोडला. लिफ्टमनने एक वाटी ठेवून घेतली, दुसरी त्याच्या हातात दिली आणि वर चिमूटभर साखर.

आक्काने फुटपाथवर उभ्या उभ्या खोबरं खाल्लं. "गोड आहे," म्हणाली. "माणसं चांगली दिसतात तुझ्या हापिसातली. साखर घातली आठवणीने."

दुपारी परत आले. आक्का पाय पसरून भिंतीला टेकली होती आणि उमाला खिडकीबद्दल सांगत होती. उमा "हो वन्सं, हो वन्सं" करत भाजी चिरत होती, सुरी जरा जास्तच आपटत. तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली आणि रघु आत आला. रघु मोरिवलीचाच, जयदेवच्या हाताखाली काम करणारा. कारखाना उभा आहे तिथे त्याच्या आजाची खाचरं होती. कपाळभर गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय दादा!" दारातूनच ओरडला. "ऐन टायमाला गायब? आमी वाट बगून बगून थकलो. सायेब बोलला, कुनीपन फोडा. मी बोललो, नाय. लाल शेडचा नारल शेट्येदादाच फोरनार. तसाच ठेवलाय मशिनीवं. हा तुमचा परसाद."

शेजारच्या गाळ्यातली यंत्रं जेवणासाठी थांबली होती, नेमकी.

"कुठली शेड?" आक्काने विचारलं.

रघुला काय ठाऊक? तो कौतुकानेच सांगायला लागला. "लाल रंगाची, आक्का. दादांनी बगितल्याशिवाय एक डरम भाईर जात नाय. तुमी आज यायला पायजे होतं. घरची मान्सं समदी आली होती. आज गेट खुला व्हता ना!"

"कुठे आहे हा कारखाना?"

"आमचे मोरिवलीन. हा काय, अंबरनाथला."

"बरं," आक्का म्हणाली. "चहा घे, बाबा."

रघु चहा पिऊन गेला. जाताना त्याचा आवाज खाली आला होता. काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं होतं. तो गेल्यावर जयदेव म्हणाला, "आक्का, मी सांगणार होतो."

"उद्या दाखव," ती म्हणाली. बाकी काही नाही.

दुसरा दिवस दसऱ्याचा. शेअर रिक्षाने अंबरनाथ, तिथून मोरिवली. रस्त्याच्या कडेच्या गटारातून गुलाबी पाणी वाहत होतं, वास नाकात बसत होता. फाटकाला भलंमोठं कुलूप. आत वॉचमन खुर्चीवर.

"आज छुट्टी है, अम्मा. चाबी साहब के पास."

जयदेव त्याला म्हणाला, "भैया, पाच मिनिटं. माझी बहीण आहे." पण चावी खरंच नव्हती. साहेब दसऱ्याचे गावाला गेलेले.

आक्काने गज धरले आणि कपाळ त्यांना टेकवून आत बघत राहिली.

"ते पिवळं काय आहे?"

"तोरण. झेंडूचं."

"त्याच्यामागे?"

"शेड. माझी. यंत्र आतल्या अंगाला आहे, इथून नाही दिसत."

"तुझी खुर्ची?"

"खुर्ची नाही, आक्का. उभ्याने काम असतं."

ती गज न सोडता म्हणाली, "लाल रंग तू करतोस?"

"हो."

"दुकानात येणाऱ्या बायकांची लुगडी लाल असतात. मी सांगितलं असतं ना, हा रंग आमच्या जयाचा. नऊ वर्षं सांगितलं असतं. आणि मी काय सांगत बसले? पंखा." तिचा आवाज चढला. "मी खोटी पडले की रे. सगळ्या गावात. कारखान्याची लाज मला कधी वाटली असती? गुळाच्या ढेपा फोडणारी बाई मी. लाज तुला वाटली. माझी आणि तुझी, दोघांची."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटायला मी काल दगडाच्या भिंतीला हात जोडले. वहाणा काढून." तिने गज सोडले. हाताला गंजाबरोबर लालसर भुकटी लागली होती. ती तिने पदराला पुसली नाही, तशीच मुठीत धरली. "चल. बघून झालं."

दुसऱ्या दिवशी कल्याणहून एसटीने ती गेली. जयदेव कामावर गेला आणि मशिनीवर ठेवलेला नारळ त्याने फोडला. तो आतून नासलेला निघाला. नासका नारळ शुभ, असं म्हणतात. रघुने तसं म्हटलंही. जयदेवने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

यानंतरची हकीकत थोडी आहे. पुढच्या गणपतीला तो गावी गेला तेव्हा आक्काला नुसता उजेड-अंधार कळत होता. दुकानात बसायची, मापं हाताच्या अंदाजाने घालायची. गिऱ्हाईक विचारायचं, "जया काय म्हणतो?" ती म्हणायची, "बरा आहे," आणि साखर तोलायची. पूर्वी या प्रश्नावर तिची अर्धी दुपार जायची. आता तिने खरंही सांगितलं नव्हतं आणि खोटंही बंद केलं होतं. भावाला ती उघडा पाडणार नव्हती. फक्त त्याचं नाव तिने गल्ल्यातून काढून ठेवलं होतं.

जयदेव तिच्यापुढे बसला. म्हणाला, "आक्का, यंदा खंडेनवमीला मी न्यायला येतो. कारखाना आतून दाखवतो."

"कशाने बघू?"

"मी सांगतो ना. ऐक तर. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला लाकडी हौद, माणूस बुडेल एवढे. त्यांच्यात काठी फिरत असते. वाफ येते, आणि वाफेलासुद्धा लाली असते. मी तिथे उभा..." त्याची ती सगळी हातोटी, रविवारची, पणाला लावून तो सांगत होता. सकाळची उन्हं पत्र्याच्या भोकांतून लाल हौदावर कशी पडतात, टिपकागदावरचा थेंब कडेला पिवळा झाला तर काय आणि जांभळा झाला तर काय. त्याने आयुष्यात इतकं चांगलं वर्णन कुणापुढे केलं नव्हतं. आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान सांगतोस. त्या खिडकीचंही छान सांगितलं होतंस."

टोचायला म्हणाली नाही ती. तोच त्रास होता. तिला आता खरंच कळणार नव्हतं, यातलं कुठलं धरायचं.

नव्वदच्या पावसाळ्यात ती गेली.

जयदेवने मग मुंबई दाखवणं सोडलं. कात्रपला इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा उमाच्या माहेराजवळ त्यांनी छोटासा ब्लॉक घेतला, बराक सुटली. पाहुणे कमी झाले. पण त्र्याण्णवच्या नवरात्रात चुलतभावाचा मुलगा चंदू आपल्या नव्या बायकोला, गोदूला, घेऊन आला. जयदेव एकदम उत्साहात उठला.

"उद्या खंडेनवमी. आधी माझा कारखाना बघायचा."

"कारखाना?" चंदू म्हणाला. "काका, तुमचं तर फोर्टात... आक्काआत्या सांगायची ना."

"तिला मी खोटं सांगितलं होतं. तीन महिने होतो तिथे. बाकी जन्म मोरिवलीत गेला."

चौदा वर्षं जे वाक्य घशात अडकलं होतं, ते इतक्या सहजपणे बाहेर आलं. चंदू "अच्छा" म्हणाला. तेवढंच. आकाश काही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना शेड दाखवली. हौद, काठी, टिपकागद. गोदूने नाकाला पदर लावला होता. हौदात वाकून बघताना तिने नव्या साडीचा काठ वर धरला, आणि धरला तो सोडलाच नाही. चंदू मान डोलावत होता आणि मनगटावरचं घड्याळ बघत होता.

"छान आहे हो, काका," तो म्हणाला. "आता निघालं तर गेटवे होईल का?"

"होईल," जयदेव म्हणाला. "रिक्षाने स्टेशन. बोरीबंदरला उतरलात की मान वर ठेवा."

"तुम्ही नाही येत?"

"नाही. आधी पाणी बघा, मग दगड."

ती दोघं गेली. रघु नारळाचे तुकडे करत बसला होता. त्याने विचारलं, "पावन्यांनी बगितलं का समदं?"

"बघितलं."

"काय बोलले?"

"गेटवे कुठे आहे, विचारलं."

रघु खो खो हसला. जयदेवही हसला थोडा. मग म्हणाला, "हे बघायला म्हणून घरून निघालेली एकच होती रे. तिला मी पोस्ट दाखवलं."

रघुला पोस्टाचं काही कळलं नाही. पण बाकीचं कळलं. तो तुकडे करत राहिला.

दुपार झाली. बायकामुलं पेढ्यांचे पुडे घेऊन घरोघर गेली, साहेबांची गाडी गेली. वॉचमन कुलूप घेऊन फाटकाकडे निघाला. जयदेव त्याच्या आधी तिथे पोचला आणि त्याने उघड्या फाटकाच्या गजावर हात ठेवला.

"थांब रे जरा," तो म्हणाला. "एवढ्यात लावू नकोस."

"कोई आनेवाला है, दादा?"

"नाही," जयदेव म्हणाला. "उघडं राहू दे थोडा वेळ."